निरीक्षणाचा अर्धा तास

"बाकी सगळा जिल्हा सुरळीत चाललाय, मॅडम. फक्त तासगाव अडलंय."

सांगलीचे जिल्हा लसीकरण अधिकारी डॉ. गुरव पडद्यावरून बोलत होते. कोरोनाची लस नुकतीच आली होती आणि ती सगळ्यांच्या आधी आरोग्यसेवेतल्या माणसांना द्यायची होती. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, सगळे. त्या मोहिमेची मी राज्य समन्वयक होते. पुण्यातल्या कार्यालयात एका लांबलचक टेबलाशी मी एकटी बसायची आणि समोरच्या पडद्यावर लहान लहान चौकटींत राज्यातले सगळे जिल्हे बसायचे. रोज संध्याकाळी.

माझा स्वभाव तेव्हाही गोड नव्हता. माझ्या बैठकीला लोक टरकून असायचे आणि ते मला आवडायचं. दोन गोष्टींत मी कुणाचं ऐकायची नाही. एक म्हणजे बाटली. एका बाटलीत दहा माणसांची लस असते. ती एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, उरली तर फेकून द्यावी लागते. म्हणून दहा माणसं समोर येऊन बसल्याशिवाय बाटली उघडायची नाही, असं मी प्रत्येक जिल्ह्याला दटावून सांगितलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे निरीक्षणाचा अर्धा तास. लस टोचल्यावर काही त्रास होतो का ते बघायला प्रत्येकानं अर्धा तास केंद्रातच बसायचं. सिव्हिल सर्जन असो नाहीतर झाडूवाला.

"तासगावला काय झालं?" मी विचारलं.

"तिथल्या खासगी डॉक्टरांना आपण सांगलीला बोलावलंय. कुणी येईना. तिथे एक ज्येष्ठ डॉक्टर आहेत, त्यांचा शब्द चालतो. ते आले नाहीत म्हणून बाकीचे थांबलेत."

"कोण?"

"डॉ. धनपाल मगदूम. मी दोनदा फोन केला, मॅडम. 'बघू' म्हणून ठेवून देतात."

मी समोरचा पेला उचलून पाणी प्यायले. गुरवांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. माझं सासरचं आडनाव चौगुले. माहेरचं मगदूम. धनपाल मगदूम माझा सख्खा थोरला भाऊ.

"त्यांच्याशी मी बोलते," मी म्हटलं आणि पुढच्या जिल्ह्याला हाक मारली.

अण्णा आणि मी कित्येक वर्षं बोललो नव्हतो. तेव्हा मी सांगली जिल्ह्यातच अधिकारी होते. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या सोनोग्राफी केंद्रांवर छापे घालायची मोहीम निघाली आणि त्यात तासगावची सगळी केंद्रं आली. त्यात अण्णाचं, आईच्या नावानं काढलेलं हॉस्पिटलही आलं. नातेवाइकाची तपासणी नातेवाइकानं करायची नाही, हा नियम. मी बाजूला झाले आणि पथक दुसऱ्याच्या हाती दिलं. आधी फोन करून सांगितलं नाही, कारण तो सरळ सरळ गुन्हा झाला असता. अण्णानं असलं पाप जन्मात केलं नव्हतं, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. पण पेशंटच्या कागदांवर सह्या राहून गेल्या होत्या. मशीनला सील लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव आलं, आणि ज्यांच्या मुलींची बाळंतपणं त्यानं केली होती ते लोक बाजारात तोंड फिरवून जाऊ लागले. पुढे कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. ती बातमी मात्र कुणी छापली नाही.

मी बरोबर होते. आजही मला तसंच वाटतं. बरोबर असण्याचा उपयोग मात्र काही झाला नाही. वहिनी गेली तेव्हा मी तासगावला गेले, तर अण्णानं मला परक्या माणसाला करतात तसा नमस्कार केला. माझा नवरा आधीच गेलेला होता, मूलबाळ नव्हतं. अण्णाची मुलगी सोडली तर रक्ताचं म्हणावं असं माझं या जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते मला नमस्कार करत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला.

"हॅलो, डॉक्टर मगदूम?"

"बोलतोय."

"मी डॉ. सुमती चौगुले. राज्य समन्वयक, आरोग्य कर्मचारी लसीकरण."

पलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं. त्याला कुणीतरी बाहेर नेलं.

"बोला, मॅडम."

लहानपणी मला अंघोळ घालताना डोळ्यांत साबण घालणारा माणूस मला मॅडम म्हणत होता. मी खुर्चीत सरळ बसले.

"तुम्ही अजून लस घेतलेली नाही, असं कळलं."

"बरोबर कळलं."

"लसीबद्दल काही शंका आहे का?"

"लसीबद्दल न्हाई. लस चांगलीय. वाचलंय मी सगळं."

"मग?"

"तुमच्या खात्याबद्दल हाय. तुमच्या खात्याची माणसं एकदा माझ्या दारात येऊन गेलीत. आता मी त्यांच्या दारात जाऊ म्हणता?"

"तुम्ही थांबलात म्हणून बाकीचे थांबलेत."

"मी कुणाचा हात धरलेला न्हाई."

"तुमचं बायपास झालंय. साखर आहे. रोज तापाचे पेशंट तपासता. काही झालं तर..."

"हे तुमच्या कागदावर लिहिलंय का, मॅडम?"

कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. माणूस बोलत नसला तरी त्याची खबर लागत राहते.

मग तो म्हणाला, "या खेपेला कुणाला पाठवणार? मागच्यासारख्या दोन गाड्या भरून माणसं?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "मी येते."

हे बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"गुरुवारी," तो म्हणाला. "सांगलीला. धाच्या पुढं." आणि फोन ठेवला.

सांगलीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्सिंगच्या मुलींच्या वर्गखोल्या रिकाम्या पडल्या होत्या. एका खोलीत टोचायचं टेबल मांडलं होतं आणि शेजारच्या खोलीत निरीक्षण कक्ष होता. तिथे लांब लांब ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि फळ्यावर गेल्या वर्षीचा धडा अजून तसाच होता. 'नाडी मोजणे.' कॉलेज बंद झालं तेव्हा कुणीतरी अर्धवट सोडून गेलं होतं. ते कुणी पुसलं नव्हतं.

अण्णा आला तेव्हा केंद्र जोरात चालू होतं. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, वर तोच जुना जाड काड्यांचा चष्मा. फार वाळला होता. मी दारात उभी होते. त्यानं मान हलवली, मीही हलवली. जिल्ह्याच्या पाहुण्याला हलवते तशी.

टोचणाऱ्या सिस्टर लोखंडे चांगल्या खमक्या होत्या. "बसा, सर. बाही वर घ्या. डावा हात."

तो बसला. उजव्या हातानं त्यानं खुर्चीची कड धरली आणि बोटांची पेरं पांढरी झाली. तेव्हा मला आठवलं. अण्णाला सुईची भीती वाटायची. हजारो माणसांना टोचताना त्याचा हात कधी कापला नाही, पण स्वतःवर आलं की त्याला घाम फुटायचा. मेडिकलला असताना सुट्टीत घरी येऊन तो कच्च्या पपईला पाणी टोचून सराव करायचा. पुढे खरं इंजेक्शन द्यायची वेळ आली, तेव्हा त्यानं धनुर्वाताचं मलाच दिलं. पायात खिळा घुसला होता माझ्या. मी किंचाळू नये म्हणून म्हणाला होता, सुमे, खिडकीत बघ, चिमणी आलीय.

सिस्टरनी सुई वर धरली. त्यानं डोळे मिटून घेतले.

"अण्णा, खिडकीत बघ," मी म्हटलं. "चिमणी आलीय."

त्यानं डोळे उघडले आणि खरंच खिडकीकडे बघितलं.

"झालं, सर," सिस्टर म्हणाल्या आणि त्याच्या हातात कापसाचा बोळा दिला. "दाबून धरा."

खिडकीत काही नव्हतं. बाहेर सायकल स्टँड होता. त्यानं बाही खाली ओढली, उठला आणि दोघींपैकी कुणाकडेच न बघता म्हणाला, "येतो."

"अर्धा तास बसावं लागंल, सर," सिस्टर लोखंडे म्हणाल्या. "मॅडमचा नियम हाय. मॅडम समोर असताना तर मी सोडणारच न्हाई."

"आणि मॅडम समोर नसल्या तर?"

"तरी पण सोडणार न्हाई."

तो निरीक्षण कक्षात जाऊन बसला. तिथे आणखी पाच-सहा जण आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मी दारात घुटमळले. मग आत गेले आणि एक खुर्ची सोडून पलीकडे बसले.

खूप वेळ आम्ही फळ्याकडे बघत होतो.

"केस पिकले तुझे," तो म्हणाला.

"तुझे तर गेलेच."

मास्कमुळे तो हसला की नाही ते कळलं नाही. बाहेर कुणीतरी नाव पुकारत होतं.

"शकूच्या वेळी आली होतीस," तो म्हणाला. शकू म्हणजे वहिनी.

"हो."

"लांब उभी राहिलीस."

"जवळ ये असं कुणी म्हटलं नाही."

"म्हणायला लागतंय व्हय?"

भल्याभल्यांना गप्प करणारी मी, पण मास्कच्या आत मी नाक ओढत होते. त्यानं खिशातून रुमाल काढला, बघितला, फार स्वच्छ नव्हता म्हणून परत ठेवला.

"तुमची वेळ झाली, सर," दारातून सिस्टर म्हणाल्या.

तो लगेच उठला. अर्धा तास इतक्या लवकर संपतो, हे नियम करताना मला ठाऊक नव्हतं.

"दुसरा कधी?" त्यानं विचारलं.

"चार आठवड्यांनी. तेव्हाही अर्धा तास बसावं लागतं."

"तुझाच नियम," तो म्हणाला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात तासगावचे डॉक्टर एकामागून एक येऊन गेले. गुरवांनी बैठकीत ते सांगितलं तेव्हा चौकटीचौकटींतून टाळ्या वाजल्या. मी सगळ्यांचे आभार मानले. मग नेहमीप्रमाणे एकेक चौकट विझत गेली आणि शेवटी काळ्या पडद्यात माझाच चेहरा उरला. ही बातमी घरी जाऊन कुणाला तरी सांगावी असं फार वाटलं. घरी गेले, भात टाकायचाही कंटाळा आला, दूध पिऊन झोपले. सबंध राज्यातली माणसं मला रोज फोन करत होती आणि त्यातलं एकही मला "जेवलीस का" असं विचारणारं नव्हतं.

फेब्रुवारीत नवीन केंद्रांच्या मंजुरीची फाइल माझ्याकडे आली. त्यात तासगाव होतं. तिथलं सरकारी रुग्णालय अण्णाच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. म्हणजे दुसऱ्या डोससाठी त्याला सांगलीला यायचं काही कारण उरत नव्हतं. सही करणं माझ्या जिवावर आलं. केली.

दोनच दिवसांनी फोनवर मेसेज आला. 'दुसरा डोस. शुक्रवार. सांगली. १० वा.' खाली नाव नव्हतं.

आता तुमच्याच गावात सोय झालीय, हे त्याला कळवणं माझं कर्तव्य होतं. मी लिहिलं, 'शुक्रवारी पाहणीसाठी मी तिथे येणारच आहे.' अशी कुठलीही पाहणी ठरलेली नव्हती. ती मी तो मेसेज पाठवल्यावर ठरवली.

शुक्रवारी कराडच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि मला उशीर झाला. धावतपळत निरीक्षण कक्षात शिरले, तर अण्णा आधीच येऊन बसलेला. डाव्या हाताची बाही वर केलेली, दंडावर कापूस दाबून धरलेला. पायाशी द्राक्षांची पिशवी. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. बस."

या वेळी मी मध्ये खुर्ची सोडली नाही.

"दुखलं का?"

"न्हाई. मुंगी चावल्यासारखं."

"चिमणी दाखवायला मी नव्हते ना."

"बघितली मी," तो म्हणाला. "माझी मी."

त्यानं द्राक्षं पुढे केली. आम्ही मास्क हनुवटीवर ओढून खाल्ली, जे माझ्याच नियमाविरुद्ध होतं. त्याच्या मुलीचं विचारलं. ती परदेशात होती, रविवारी फोन करायची. वरच्या मजल्यावर तो एकटाच राहत होता आणि खाली पेशंट बघत होता. सोनोग्राफी मशीनचं सील कोर्टाच्या निकालानंतर निघालं होतं, पण त्यानं ते पुन्हा चालू केलं नव्हतं. त्यावर वहिनीची एक जुनी चादर घालून ठेवली होती.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"त्या दिवशी तू का आली न्हाईस?"

"नियम होता, अण्णा. नातेवाइकानं..."

"नियम मला ठाऊक हाय. तू त्यांच्याबरोबर यायचीस, सील लावायचीस. सही करायचीस. आणि मग आत येऊन शकूच्या हातचा च्या पिऊन जायचीस. मी तुला एक शब्द बोललो नसतो." तो फळ्याकडे बघत होता. "दोन गाड्या आल्या. मी दारात उभा. मला वाटलं, मागच्या गाडीतनं तू उतरशील. सगळी उतरली. मी तरी बघतोय."

"मी कार्यालयात होते," मी म्हटलं. "दिवसभर फोनसमोर बसून होते. तू शिव्या द्यायला तरी करशील म्हणून."

"मी पण फोनसमोरच बसलोतो."

इतकी वर्षं गेली होती आणि दोन्हीकडे एकेक माणूस फोनसमोर बसून होतं, एवढीच ती सगळी गोष्ट होती. मला रडूही आलं नाही. फक्त फार थकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात सिस्टर लोखंडे दारात आल्या. मला बघून थबकल्या. "मॅडम, बरं झालं आला. नऊच माणसं जमलीत. एक यायचाय. बाटली उघडू का थांबू?"

"सकाळपासून कितवी बाटली ही?" मी सवयीनं विचारलं.

"पैलीच की. एक पण उघडली न्हाई अजून. दहा झाल्याबिगर न्हाई, तुम्हीच सांगितलंय."

मी अण्णाकडे बघितलं. तो द्राक्षाचं देठ खुडत होता. दुसऱ्या हातानं दंडावरचा कापूस दाबून धरला होता. त्याच्या लक्षात काही आलं नव्हतं. त्याच्या दवाखान्यात एका पेशंटला एक कुपी फुटते. आमच्या बाटलीची पद्धत त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

सकाळपासून एकही बाटली उघडलेली नव्हती. म्हणजे त्याला इथे कुणी काही टोचलेलं नव्हतं.

माझ्या डोक्यात सगळे आकडे एकदम जागे झाले. दुसरा डोस चुकवणारे. पहिल्यानंतर ताप आला म्हणून घाबरलेले. बायपास, साखर, वय. तो सुईला भ्यायला होता आणि मला फसवत होता, असं वाटलं. आणि हे कळलं तर तासगाव पुन्हा अडेल. मी राज्य समन्वयक होते. 'हात काढ, कापूस दाखव,' एवढंच म्हणायचं होतं मला.

पण ते म्हटलं असतं तर ती तपासणी झाली असती. या खेपेला नातेवाईक स्वतः येऊन.

"थांबा, सिस्टर," मी म्हटलं. "येईल दहावा."

त्या गेल्या. अण्णानं द्राक्षांचा घड माझ्या हातात दिला. मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. आम्ही आईबद्दल बोललो, पपईबद्दल बोललो. त्या पपया दिवसभर टोचून घेऊन पिकायच्याच नाहीत, सडायच्या, आणि आई ओरडायची. तो हसला तेव्हा मास्क हनुवटीवरच होता, म्हणून मला त्याचा पुढचा पडलेला दात दिसला. कधी पडला कुणास ठाऊक.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तोच म्हणाला, "झाला अर्धा तास."

"बस अजून जरा."

"नियम म्हंजे नियम," तो म्हणाला आणि उठला. दारात वळला. "तिसरा डोस न्हाई का तुमच्या योजनेत?"

"अजून तरी नाही."

"काढा म्हणावं," तो म्हणाला. तसाच कापूस दाबून धरून तो सायकल स्टँडच्या बाजूनं निघून गेला.

मी लगेच सिस्टर लोखंड्यांना गाठलं. "आत बसले होते ते सर, त्यांनी लस घेतली नाही?"

"न्हाई की, मॅडम. मागच्या खेपेचे तेच ना ते? लवकर आलते. मी म्हटलं, बसा जरा. तर म्हणाले, मला इंजेक्शन नको, नुसता कापूस द्या. मला वाटलं भ्याले." त्यांना हसू येत होतं. "एवढं मोठं डॉक्टर!"

त्याला फोन लावावा की नाही, लावला तर बहीण म्हणून की मॅडम म्हणून, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात डॉ. गुरव लगबगीनं आत आले. "मॅडम, तुम्ही येणार हे कळलंच नाही. तासगावचं केंद्र झकास सुरू झालं. काल उद्घाटनालाच डॉ. मगदूम हजर. दुसरा डोस सगळ्यांच्या आधी त्यांनीच घेतला. इतर डॉक्टरांना म्हणाले, बघा, मी घेतलाय. तुम्हाला फोटो पाठवायचाच होता."

त्यांनी फोन पुढे केला. अण्णा खुर्चीत बसलेला, बाही वर. सिस्टर सुई टोचतेय. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. एका बाजूला, खिडकीकडे बघत होता.

"छान," मी म्हटलं.

"तुम्ही बसा, मॅडम. चहा सांगतो."

मी निरीक्षण कक्षात परत जाऊन बसले. त्याची खुर्ची अजून तिरकी होती. पाहणीसाठी आलेली मी आणि लस घ्यायला आलेला तो, दोघांनाही त्या दिवशी तिथे काडीचंही काम नव्हतं.

मार्चमध्ये पुन्हा साथ उसळली आणि कुणाला कुठे जाता येईना. अण्णा रविवारी फोन करू लागला. मुलीचा फोन झाला की माझा. "मॅडम आहेत का?" अशी सुरुवात करायचा आणि मग विचारायचा, "जेवलीस का?" साथ ओसरली की मी तासगावला जायचं, वहिनीच्या चादरीखालचं मशीन कुणा गरजू दवाखान्याला द्यायचं, असं आमचं ठरलं होतं. दिवाळीनंतर जाणार होते. दसऱ्याच्या आधी तो गेला. पेशंट तपासता तपासता, खुर्चीतच. हृदय. मी पोचले तेव्हा कुणी न सांगता जवळ जाऊन बसले.

आरोग्य कर्मचाऱ्यांचा तिसरा डोस पुढच्या जानेवारीत आला. योजनेचा कागद माझ्याच टेबलावरून गेला. कार्यालयात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी मी घेतला. टोचणारी सिस्टर नवी होती, जरा बिचकलेली. सुई काढून तिनं माझ्या हातात कापूस दिला.

"मॅडम, तुम्हाला बसायची गरज नाही. तुम्ही जा, कामं असतील."

"नाही," मी म्हटलं. "नियम आहे."

निरीक्षण कक्ष रिकामा होता. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि शेजारची खुर्ची जवळ ओढून घेतली. रक्त तर आलंच नव्हतं. तरी मी अर्धा तास कापूस दाबून बसून राहिले.